हस्तिनापूरच्या गादीची वंशावळ कशी मांडावी

महाभारत वाचताना पहिला घोळ गादीवरून होतो: हक्क नेमका कुणाचा? तयार तक्त्यांत बहुधा शंतनूपासून परीक्षितापर्यंत एकाच जातीच्या रेघा असतात आणि भांडणाचं मूळ त्यातच झाकलं जातं. म्हणून तक्ता आपल्या हातानं काढावा.

मोठा ए-थ्री कागद आडवा घ्या. प्रतीपापासून परीक्षितापर्यंत सात पिढ्या, म्हणजे सात ओळी. भावांमध्ये थोरला डावीकडे. रक्ताच्या नात्याला सलग रेघ, कायद्यानं मानलेल्या पुत्राला तुटक रेघ, राजा झाला त्याला चौकट आणि हक्क असून बसला नाही त्याला फुली. फुलीखाली कारण लिहायचंच, नाहीतर तक्ता नुसती नावांची यादी होतो.

सुरुवात शंतनूपासून करू नका. प्रतीपाचे मुलगे तीन: देवापी, बाल्हीक, शंतनू. देवापीला त्वचारोग म्हणून फुली, बाल्हीक मामाच्या राज्यात गेला, धाकटा शंतनू राजा झाला. ही ओळ गाळली की पुढे धृतराष्ट्राला डावललं ते अचानक वाटतं. देवापीचा दाखला तर उद्योगपर्वात खुद्द धृतराष्ट्रच दुर्योधनाला देतो.

शंतनूचा मुलगा देवव्रत (पुढचा भीष्म) युवराज होता, तरी त्याला फुलीच. कारणं मात्र दोन लिहा. राज्यत्याग सत्यवतीच्या मुलासाठी. ब्रह्मचर्य, कारण तिच्या बापानं ‘तुझ्या मुलांचं काय?’ अशी शंका काढली. विचित्रवीर्य निपुत्रिक गेल्यावर घराणं अडलं ते या दुसऱ्या प्रतिज्ञेपाशी.

सर्वांत जास्त चुका सत्यवतीच्या ओळीत होतात. व्यासांना शंतनूखाली लिहू नका. सत्यवती मधे, एका बाजूला पराशर आणि त्यांच्याखाली व्यास. दुसऱ्या बाजूला शंतनू आणि त्याच्याखाली चित्रांगद, विचित्रवीर्य. व्यासांपासून धृतराष्ट्र, पांडू, विदुर यांना सलग रेघा. विचित्रवीर्यापासून तुटक रेघा फक्त पहिल्या दोघांना, कारण अंबिका आणि अंबालिका या त्याच्या राण्या, विदुर दासीपुत्र. नियोगाचा, म्हणजे वंश चालावा म्हणून पत्नीला दुसऱ्या पुरुषापासून झालेला मुलगा क्षेत्रज, ज्याची पत्नी त्याचा तो वारस. त्यामुळे गादीचा हक्क इथे तुटक रेघेनं खाली येतो.

पांडूला चौकट, धृतराष्ट्राला फुली (अंधत्व). पांडू वनात गेल्यावर कारभार धृतराष्ट्राकडे आला, तेव्हा त्याच्याभोवती तुटक चौकटही काढा. दुर्योधनाचा सगळा दावा त्या तुटक चौकटीवर उभा आहे.

पुढची पिढी दोन घरांत वेगळी लिहू नका. एकाच ओळीत वयानं लावा. कर्ण, मग युधिष्ठिर, मग एकाच दिवशी जन्मलेले भीम आणि दुर्योधन. पाची पांडवांना पांडूपासून तुटक रेघ, आणि कर्णालाही: लग्नाआधीचा कानीन पुत्र आईच्या नवऱ्याचा मानला जातो. कृष्ण याच नियमावर कर्णाला राज्य देऊ करतो. कर्णाखालचं कारण: स्वतःच नाकारलं.

शेवटी सलग रेघांवर बोट ठेवून प्रतीपापासून खाली या. युधिष्ठिरापर्यंत पोचलात तर कुठेतरी चुकलंय. दुर्योधनापर्यंत पोचलात तरीही. भारतीय युद्धात प्रतीपाच्या रक्ताचे सापडतात ते भीष्म, बाल्हीक, त्याचा मुलगा सोमदत्त आणि नातू भूरिश्रवा व त्याचे भाऊ, आणि हे सगळेच कौरवांकडून लढतात.