झोपाळ्यावर, खुर्च्यांवर बुरा धरला तर

जुलै लागला की कोकणात आणि मुंबईत पडवीतल्या झोपाळ्याच्या फळीखाली, वेताच्या खुर्चीच्या विणीत, गॅलरीतल्या गाद्यांवर पांढरा-हिरवट बुरा दिसायला लागतो. हवेतला दमटपणा दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असतो, ऊन नसतं, आणि बुरशीला एवढं पुरतं. प्लास्टिकची खुर्चीही सुटत नाही, कारण बुरशी तिच्यावरच्या धुळीवर, हातांच्या तेलकटपणावर, सांडलेल्या चहावर जगते.

आधी ती बुरशीच आहे ना, हे बघा. उघड्यावरचं सागवान उन्हाने करडं पडतं, त्याला लोक उगाच बुरशी समजतात. काळ्या डागावर पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब टाका. दोनेक मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर बहुधा मळ.

काम उघडीप मिळेल त्या दिवशी, बाहेर मोकळ्यावर काढा. नाकाला मास्क, हातात रबरी मोजे. कोरडा बुरा कधीही ब्रशने झाडू नका, बीजाणू उडून घरभर पसरतात. घरात कुणाला दमा असेल तर हे विशेष सांभाळा. पहिल्यांदा साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने बुरा टिपून घ्या आणि ते फडकं लगेच धुवा.

मग लाकूड. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून मऊ ब्रशने किंवा नारळाच्या शेंडीने रेषांच्या दिशेने घासा. तारेचा ब्रश नको, त्याने पडलेल्या चरांत पुढच्या वेळी ओल धरते. डाग उरले तर पांढरं व्हिनेगर पाणी न घालता फवारा, तासभर राहू द्या, पुन्हा घासून पुसा. लाकडावर ब्लीच मी तरी वापरणार नाही. वरचा रंग उडतो म्हणून लाकूड स्वच्छ दिसतं, पण त्यातलं पाणी आत मुरतं आणि आतली बुरशी पुन्हा डोकं काढते. तरीही काळे डाग राहिले तर लाकूड पूर्ण वाळल्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग १८०च्या.

प्लास्टिकवर मात्र ब्लीच चालतं: एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवायचं. पण ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नका. संडास साफ करायचं ॲसिड तर त्याच्या जवळपासही नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसं जाळतो. लोखंडालाही ब्लीच लावू नका, गंज वाढतो. लोखंडी खुर्ची साबणाने धुऊन लगेच कोरडी पुसा आणि रंग उडालेल्या जागी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा अस्तराचा रंग) लावून वर रंगाचा हात द्या.

वेत भिजवायचा नाही. व्हिनेगरमध्ये बुडवून पिळलेलं फडकं फिरवा, विणीच्या कोपऱ्यांत जुना टूथब्रश घाला आणि पंख्याखाली वाळवा. गाद्यांच्या खोळी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुता येतात. आतल्या फोमला कुबट वास लागला असेल तर तो टाकूनच द्या. वरून कितीही ऊन दाखवलं तरी फोमच्या पोटातली बुरशी जात नाही.

आता पुन्हा येऊ नये म्हणून. सगळ्यात मोठी चूक चांगल्या हेतूने होते: पावसाआधी फर्निचर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवतात. आतली वाफ आतच अडकते आणि ऑगस्टमध्ये उघडलं की सगळं हिरवं. ताडपत्री टाकायचीच तर वरून छपरासारखी टाका, बाजू मोकळ्या ठेवा, खालून वारा खेळू द्या. खुर्च्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. एकावर एक रचायच्याच असतील तर आधी कोरड्या करा.

लाकडी पायांचे तळ विसरू नका. लाकडाच्या कापलेल्या टोकांतून पाणी सर्वांत जास्त शोषलं जातं आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते. बाक आडवा करून तळांना वॉर्निशचे दोन-तीन हात द्या, शिवाय खाली रबरी बूट किंवा फरशीचा तुकडा.

हे काम आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या, कामांबरोबर मे महिन्यातच उरकावं. लिटरभर गरम पाण्यात ५० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) विरघळवून कोऱ्या, घासलेल्या लाकडाला लावा. बुरशी आणि कीड दोन्हींना आळा बसतो. मुलं आणि जनावरं दूर ठेवा, ते पोटात जाता कामा नये. पावसात टाकणखार धुऊन जातो, म्हणून लाकूड चांगलं वाळल्यावर वरून बाहेरच्या वापराचं वॉर्निश हवंच. काही सुतार अळशीचं तेल सुचवतात. कच्चं तेल दमट हवेत बुरशीचंच खाद्य होतं, त्यामुळे आपल्याकडे ते टाळलेलं बरं. तरी वापरलंत तर तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात फेकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्यावर पसरून वाळवा, मगच कचऱ्यात टाका.

ऐन पावसाळ्यात रोज कोरडं फडकं फिरवलं आणि गाद्या रात्री घरात घेतल्या तरी पुरे. झोपाळ्याच्या कड्या मात्र महिन्यातून एकदा पुसून तेल लावा. कडीपाशी साचलेलं पाणी फळीच्या भोकात उतरतं आणि तिथला काळा डाग सगळ्यात शेवटी नजरेस पडतो.