मनाच्या आजारासाठी कामात सवलत मागायची, ती कशी?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या माणसाला डिप्रेशन किंवा बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी असा आजार) निघालं, की घरातून पहिला सल्ला येतो, "कामावर कुणाला बोलू नकोस." सल्ला निम्मा बरोबर आहे. आजाराचं नाव बहुतेक वेळा सांगावं लागत नाही. पण काही मागितलंच नाही तर नाइट सुरूच राहते, झोप मोडते, दांड्या वाढतात आणि एक दिवस मेमो हातात येतो. मेमोनंतर सांगितलेला आजार सबब वाटतो. म्हणून आधी मागा.

सुरुवात वहीपासून करा. आठवडाभर लिहून काढा, नेमकं कुठं अडतंय: सकाळी गुंगी, रात्रपाळीनंतर दोन दिवस झोप नाही, गोंगाटात डोकं भणभणणं. मग प्रत्येक त्रासासमोर एक बदल लिहा. "जरा समजून घ्या" यावर सुपरवायझर काय करणार? "तीन महिने तिसरी पाळी नको" यावर त्याला काहीतरी करता येतं.

ही वही घेऊन डॉक्टरांकडं जा. फौंड्रीत असाल आणि बायपोलरसाठी लिथियमच्या गोळ्या सुरू असतील, तर भट्टीजवळ काम करता हे त्यांना आवर्जून सांगा. घामानं अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं. हात जास्त थरथरणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं ही धोक्याची लक्षणं, अशा वेळी थेट दवाखाना गाठायचा. इथं मागण्यासारखी सवलत म्हणजे भट्टीपासून लांबचं काम, जवळ पिण्याचं पाणी आणि रक्ततपासणीला अर्धा दिवस. बायपोलरमध्ये झोप मोडली की आजार उसळू शकतो, म्हणून रात्रपाळी टाळण्याची मागणी सगळ्यात आधी ठेवा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत निदान नको, कामातला बदल आणि मुदत तेवढी हवी. उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नं त्यांच्यावर घातलंय. एक मेख मात्र आहे: सीपीआर या सरकारी दवाखान्याचा केसपेपर असो की खासगी लेटरहेड, त्यावर विभाग किंवा पदवी छापलेली असते. तेही नको असेल तर फॅमिली डॉक्टर चिठ्ठी देतील का, विचारा. गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन अर्जाला कधीच जोडू नका. आणि "पित्ताचा त्रास आहे" असली थाप नको. पुढं कागद मागितला की अडकाल.

अर्ज चार ओळींचा पुरे:

"मा. व्यवस्थापक साहेब, माझ्यावर वैद्यकीय उपचार सुरू आहेत. रात्रीची झोप मोडल्यास त्रास वाढतो, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तरी पुढील तीन महिने मला तिसऱ्या पाळीऐवजी जनरल किंवा दुसरी पाळी द्यावी, ही विनंती. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे."

दोन प्रती काढा, एकीवर पोहोच घ्या. उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये एचआर वगैरे नसतं. तिथं थेट मालकांना एकटं गाठून बोला आणि अर्ज मग हातात द्या. डिस्पॅचच्या गडबडीत नको. मालक आणि तुमचे मामा एकाच तालमीतले असायची शक्यता आपल्या गावात कायमच असते, तेव्हा "हे आपल्या दोघांतच राहू दे, साहेब" असं स्पष्ट म्हणायला लाजू नका.

पहिल्या भेटीत कायदा काढू नये, असं माझं मत. पण माहीत असावा. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये दीर्घकाळ चालणारा मानसिक आजार येतो. सरकारी आस्थापनेनं वाजवी सवलत दिलीच पाहिजे, असं त्याचं कलम 20 सांगतं. खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. 20 किंवा जास्त कामगार असतील तर त्यात सवलतींचा तपशील आणि संपर्क अधिकारी हवा. ते धोरण मागून घ्या. चार-सहा आठवड्यांच्या नैराश्याला हा कायदा बहुधा लागू होणार नाही. तिथं अर्ज आणि समजूत यांवरच भिस्त.

नकार आला तर कारण लेखी मागा आणि निम्म्यावर तडजोड सुचवा, उदाहरणार्थ महिन्यात एकच आठवडा नाइट. ईएसआयचे (कामगार विमा योजनेचे) सभासद असाल तर आजारपणाची रजा आणि भत्ता वेगळा मिळू शकतो, तिथल्या डॉक्टरांना विचारा. तरीही काही हललं नाही आणि कायदा तुम्हाला लागू असेल, तर पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार करता येते. पोहोच घेतलेली प्रत तेव्हा लागेल. या सगळ्यात रात्री-अपरात्री मन फारच खचलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं.