जुन्या कॉम्प्युटरवर हलकं लिनक्स टाकण्याआधी

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. ती टाकायला अर्धा-पाऊण तास पुरतो. खरं काम त्या आधीचं, आणि ते अर्धवट राहिलं तर पुढे आठ दिवस घरच्यांची कुरकूर ऐकावी लागते. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारी कितीतरी मशीनं बाद ठरली. जळगाव-धुळ्याकडे ती भंगारात देण्याआधी एकदा हा खटाटोप करून बघावा.

पहिल्यांदा घरात विचारायचं, या कॉम्प्युटरवर करता काय? ‘काही नाही, असंच’ हे उत्तर खरं मानायचं नाही. शेजारी बसून बघायचं. टॅलीत हिशेब असेल, श्रीलिपीत लग्नपत्रिका जुळवत असतील, नाहीतर डिजिटल सहीच्या टोकनवर टेंडर भरत असतील, तर त्या मशीनला हात लावू नका. तिथे विंडोजच राहू द्या. सातबारा काढणं, लाइट बिल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, पोरांचं यूट्यूब, अधूनमधून एखादा अर्ज टाइप करून प्रिंट, एवढंच असेल तर बिनधास्त पुढे जा. हे बहुतेक सगळं ब्राउझरमध्येच होतं.

मग फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ‘सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे’ असं लोक छातीठोकपणे सांगतात, पण डेस्कटॉपवरचं आणि डाउनलोडमधलं सगळं सी मध्येच असतं, आणि लग्नाचे फोटो नेमके तिथे सापडतात. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क आठवणीने काढून घ्या. एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे फॉन्ट. जुने अर्ज, ठराव, सोसायटीची पत्रं कृतिदेव किंवा शिवाजीत टाइप केलेली असतात. हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरीचे आकार बसवतात. फॉन्ट नसला की अख्खं पत्र इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतं. म्हणून विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून त्या फायली आधीच उचला. नंतर लिनक्समध्ये त्या बसवल्या की पत्रं पुन्हा वाचता येतात.

आता मशीन उघडा. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि प्रोसेसर तापला की तो आपला वेग आपणच कमी करतो. दोष मात्र सिस्टीमच्या माथी बसतो. पंखा आणि जाळी ब्लोअरने साफ करा, वाळलेली थर्मल पेस्ट बदला. जिनिंगच्या आसपास घर असेल तर कॅबिनेटमधून एखादी वात वळता येईल इतका कापूस निघेल. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी साधी साटा एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी वेगवान डिस्क, घाला. माझं मत विचाराल तर पैसा खर्चायचाच असेल तर तो आधी इथे. हलकं लिनक्स टाकून जेवढा फरक पडतो त्याच्या कितीतरी पट या एका बदलाने पडतो. त्यानंतर रॅम. चार जीबीत भागतं, आठ असेल तर प्रश्नच नाही. डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेलही बदला. तो मेला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत, अपडेटही अडतात. लोक तिकडे इंटरनेटवाल्याला शिव्या घालत बसतात.

कोणतं लिनक्स, यावर माणसं रात्ररात्र भांडतात. चार जीबीच्या ६४ बिट मशीनवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका आणि विषय संपवा. २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. दोनच जीबी असेल तर लुबंटू बघा. अगदीच जुनं ३२ बिट यंत्र असेल तर अँटीएक्स, कारण बरीच लिनक्स ज्याच्यावर बेतलेली आहेत त्या डेबियनने १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. त्याहून हलकं शोधत बसण्यात अर्थ नाही. सिस्टीम वाचवून वाचवून चार-पाचशे एमबी वाचवणार, आणि ब्राउझरचे दहा टॅब ते एका दमात खाऊन टाकणार.

लिनक्सची उतरवायची फाइल तीन जीबीच्या आसपास असते. मोबाइलचा रोजचा डेटा त्यात उडून जाईल, तेव्हा वायफाय असेल तिथे उतरवा आणि फाइल नीट उतरली का हे कळण्यासाठी साइटवर दिलेला एसएचए २५६ चा आकडा जुळवून बघा. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, आणि त्यावरून कॉम्प्युटर चालू व्हावा म्हणून व्हेंटॉय किंवा रुफस या प्रोग्रॅमने तो तयार करा. मशीन पेनड्राइव्हवरून चालू करायचा बूट मेनू यावा म्हणून सुरू होतानाच बऱ्याच डेलला एफ१२ दाबायचं, एचपीला एफ९.

लगेच इन्स्टॉल दाबू नका. पेनड्राइव्हवरूनच सिस्टीम चालू करून वायफाय, आवाज, कीबोर्डचं प्रत्येक बटण, झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन येते का, सगळं तपासा. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टिदरिंग करा, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट कॉम्प्युटरला द्या, बहुतेकदा ड्रायव्हर तेवढ्यावर उतरतो. प्रिंटर तर नक्कीच तपासा. एचपीचा लेझरजेट १०२० असेल तर एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरसोबत एक जादा प्लगइन लागतो. कॅननच्या एलबीपी २९०० ला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि तो बसवायला निवांत दुपार काढून ठेवा. इन्स्टॉलेशन इन्व्हर्टरवर किंवा लाइट जाणार नाही अशा वेळी. डिस्कचे भाग पडत असताना वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

बसल्यावर आधी सगळे अपडेट. मग कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड लेआउट जोडा. उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी तिथेच कगप नावाचा लेआउट आहे. अहिराणीलाही हेच चालतं. घरात अहिराणी गाणी दिवसभर वाजत असतील आणि चित्र अडखळत असेल, तर ब्राउझरला एच२६४इफाय हे एक्स्टेंशन लावा आणि व्हिडिओ ४८० वर ठेवा. यूट्यूब नव्या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ पाठवतं, तो उलगडायचा भार जुन्या प्रोसेसरवर पडतो.

शेवटी टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमने सिस्टीमची एक प्रत काढा, काही बिघडलं तर तिथे परत जाता येतं. त्यात घरचे फोटो-कागद धरलेले नसतात, म्हणून बाहेरची ती हार्ड डिस्क महिनाभर तरी कुणाला पुसू देऊ नका.