पानगळीतला फॅमिली फोटो: कपडे आधी पलंगावर मांडा

पानगळीच्या दिवसांत फॅमिली फोटो काढायचा म्हटलं की फोटोग्राफर ठरतो, जागा ठरते, वेळ ठरते, कपड्यांचं मात्र "आदल्या दिवशी बघू" असंच होतं. मग आदल्या रात्री कपाट उपसायचं, ज्याला जे आवडतं ते त्याने घालायचं, एकेकटे सगळेच छान दिसतात पण एका फ्रेममध्ये उभे राहिले की काहीतरी खटकतं आणि नेमकं काय ते सांगता येत नाही. हे टाळता येतं आणि त्यासाठी सगळं नवीन घ्यायची पण गरज नाही. सगळ्यांचे कपडे एकत्र बसून निवडायचे, एवढंच, आणि निदान आठवडाभर आधी, म्हणजे कुठलं बटण तुटलेलं असेल, कुणाची पँट आखूड झाली असेल तर हातात वेळ राहतो.

आधी जागा बघून या. थंडी पडायला लागली की पानांतलं हिरवं द्रव्य मोडतं आणि त्याखाली असलेला पिवळा-केशरी रंग दिसायला लागतो, काही झाडांत लाल रंग त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. म्हणजे मागे पिवळा, केशरी, लाल, तपकिरी असा सगळा उबदार मामला. पण सगळी झाडं एकदम रंग बदलत नाहीत, आज पिवळं दिसणारं झाड दोन आठवड्यांनी पार बोडकं असू शकतं, आणि बहुतेक सूचिपर्णी (सुईसारख्या पानांची) झाडं तर हिरवीच राहतात. म्हणून शक्य असेल तर आठवडाभर आधी त्याच वेळेला तिथे जा, फोनवर दोन-चार फोटो काढून आणा, आणि कपडे त्या फोटोंकडे बघून ठरवा, मनातल्या चित्राकडे बघून नको.

हे एवढं ठासून सांगतेय कारण आमच्या पहिल्या फोटोत आम्ही सगळ्यांनी मरून घातलं होतं. पानगळ म्हणजे मरून, असं डोक्यात बसलेलं. आणि मागे नेमकं लालभडक झालेलं झाड. त्या फोटोत बाबांचा हात माझ्या खांद्यावर आहे, मला माहितीये तो आहे, पण बाही, माझा ड्रेस आणि मागची पानं सगळं एकमेकांत असं मिसळलंय की तो हात शोधावा लागतो. इतका जवळचा क्षण आणि तो दिसतच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तर रंगांचं गणित असं. रंगचक्रात केशरीच्या समोर निळा येतो, पिवळ्याच्या समोर जांभळा, लालच्या समोर हिरवा. समोरासमोरचे रंग एकमेकांना उठाव देतात. म्हणून पिवळ्या-केशरी पानांपुढे नेव्ही ब्लू, डेनिमचा निळा, मोरपंखी, वांगी हे रंग फार सुंदर उठून दिसतात. मला विचाराल तर नेव्ही ब्लू हा पानगळीतला सगळ्यात भरवशाचा रंग, लहान-मोठ्या सगळ्यांना शोभतो आणि बहुतेक घरांत काही ना काही सापडतोच. लाल झाडापुढे हिरवा घ्यायचा तर दबलेला घ्या, शेवाळी किंवा मेंदी, पोपटी नको. विटकरी, मोहरी, गेरू हे पानांचेच रंग आहेत, ते वापरायचेच नाहीत असं नाही पण घरातल्या एक-दोघांनी, किंवा नुसत्या स्कार्फमध्ये, मोज्यांत, टोपीत. सगळ्यांनीच घातले तर आमच्यासारखं होईल. मागे हिरवीच झाडं असतील तर मात्र उलट, तिथे विटकरी आणि मोहरी बिनधास्त घ्या.

आता सगळ्यांनी एकसारखं घालायचं का? मी तर नाहीच म्हणेन. सगळे पांढरे टीशर्ट आणि निळी जीन्स असा फोटो काढला की चेहऱ्यांच्या आधी पांढरे चौकोनच दिसतात आणि माणसं जवळजवळ उभी असली की ते चौकोन पण एकमेकांना चिकटतात. एकसारखं नको, एकमेकांशी जुळणारं हवं. त्याची सोपी युक्ती म्हणजे घरातली एक डिझाइनची वस्तू शोधायची आणि बाकी सगळे रंग तिच्यातून उचलायचे. आमच्याकडे ती आईची शाल होती, शेवाळी अंगाची, कडेला विटकरी पट्टा आणि त्यात मधूनमधून सायीच्या रंगाचे धागे. ती पलंगावर पसरली आणि तिच्यावरूनच ठरवत गेलो. आईने शाल आणि आत सायीच्या रंगाचा साधा ड्रेस, बाबांना गडद नेव्ही स्वेटर (शालीत निळा नव्हता, पण मागची पानं पिवळी होती म्हणून मुद्दाम आणला), भावाला शेवाळी शर्ट आणि चॉकलेटी पँट, मला डेनिमचा शर्ट, आणि विटकरी रंग फक्त भाचीच्या फ्रॉकला. चार-पाच रंग बास होतात. मोठं कुटुंब असेल तरी रंग वाढवू नका, त्याच रंगांच्या फिक्या-गडद छटा वाढवा.

आणि निवड कोणापासून सुरू करायची, तर ज्याच्याकडे सगळ्यात कमी पर्याय आहेत त्याच्यापासून. घरात कुणी गरोदर असेल, कुणाला ठरावीक कापडच चालतं, कुणी आजी-आजोबा आपला एकच स्वेटर सोडून दुसरं घालायला तयार नसतात, तर तो स्वेटर पक्का धरा आणि बाकीच्यांचं त्याच्याभोवती जुळवा. माणसाला त्याच्या नेहमीच्या कपड्यांत बसू दिलं की चेहरा पण नेहमीचा येतो.

आता पलंगाची गोष्ट, हे खरंच करा. दिवसा, खिडकीच्या उजेडात, सगळ्यांचे पूर्ण कपडे बूट-मोज्यांसकट शेजारी शेजारी मांडा. बल्बच्या उजेडात नको, दिव्याखाली जुळलेले दोन निळे बाहेर वेगळे निघू शकतात. मग पायरीवर किंवा स्टुलावर उभं राहून वरून फोनने फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. रंग गेले की फिकं-गडद उघडं पडतं. सगळं एकाच करड्या रंगाचं दिसत असेल तर फोटो सपाट येणार, काहीतरी गडद किंवा काहीतरी फिकं आणा. आणि एकच कपडा पांढरा फटफटीत किंवा काळाकुट्ट ठिपक्यासारखा दिसत असेल तर बघणाऱ्याची नजर तिथेच अडकणार, तो बदला. रंगीत फोटोत हे पटकन लक्षात येत नाही, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये दोन सेकंदांत कळतं.

याच फोटोत अजून एक तपासा. बाळ ज्याच्या कडेवर असणार त्याच्या कपड्याच्या छटेचं बाळाला घालू नका. बाबांचा नेव्ही स्वेटर आणि त्यावर नेव्ही जॅकेटातलं बाळ म्हणजे फोटोत नुसतं बाळाचं तोंड दिसतं, ते इवलेसे हात-पाय कुठे गेले कळत नाही. गडदवर फिकं, फिक्यावर गडद. शेजारी-शेजारी कोण उभं राहील ते तिथे गेल्यावर बदलतं, पण कडेवर आणि मांडीवर कोण असणार ते आधी माहीत असतं.

उजेडाबद्दल थोडं. बाहेरचे असे फोटो बहुतेक सूर्यास्ताच्या आधीच्या तासाभरात काढतात, सूर्य खाली असतो, त्याचा प्रकाश हवेच्या जास्त जाड थरातून येतो, त्यात निळा भाग विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत पिवळसर-केशरी ऊन पोचतं. दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विनचं धरतात (केल्विन म्हणजे इथे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळा-केशरी), मावळतीचं बरंच खाली, ३००० च्या आसपास येतं. कपड्यांवर याचा परिणाम होतो. क्रीम अजून पिवळसर होतो, मोहरी एकदम भडकतो, निळा जरा दबतो. म्हणून मोहरी थोडा फिकाच निवडा. ऑफ व्हाइट आणि सायीचा रंग पांढऱ्याशुभ्रपेक्षा केव्हाही चांगला, एक तर पांढऱ्यावर ऊन पडलं की विणीचा तपशील उडून जातो, आणि बऱ्याच डिटर्जंटमध्ये पांढऱ्याला निळसर चमक देणारी द्रव्यं असतात, तो पांढरा सावलीत निळा मारतो आणि उबदार पानांत वेगळाच पडतो. काळ्याचं उलट, घड्या, बाह्या सगळं एक काळा गोळा होतं, त्याऐवजी कोळशासारखा राखाडी घ्या. निऑन रंग तर अजिबात नको, ते स्वतः दिसतातच पण त्यांचा रंग हनुवटीखाली आणि गळ्यावर उतरतो, शेजारी उभ्या असलेल्याच्या गालावरसुद्धा, आणि नंतर एडिटिंगमध्ये तो काढणं फार किचकट काम आहे. मुलांच्या जॅकेटवर आणि बुटांवर चमकणाऱ्या पट्ट्या असतात त्या पण बघून घ्या, फ्लॅश वापरला तर त्या पांढऱ्या लखलखतात.

चेहऱ्याजवळचा रंग मात्र ज्याचा त्याने आरशापुढे ठरवावा. खिडकीत उभं राहून कपडा गळ्याशी धरा. त्वचेच्याच रंगाच्या जवळ जाणारा बदामी किंवा खाकी असेल तर चेहरा विझल्यासारखा दिसतो. तोच रंग पँटला चालतो.

डिझाइनमध्ये एक मोठी चेक्स किंवा फुलं एकाने, फार तर दोघांनी घालावी, बाकी सगळे साधे. अगदी बारीक रेघा आणि बारीक चौकड्या टाळाच, कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पण बारीक जाळीच असते, दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की कपड्यावर पाण्यासारख्या लाटा दिसायला लागतात. मोठी अक्षरं, कार्टून, कंपनीचं नाव पण नको, माणूस चेहऱ्याआधी अक्षरं वाचतो. डिझाइनची कसर कापडाच्या पोताने भरून काढा, लोकर, कॉर्डरॉय, जाड विणीचा स्वेटर, डेनिम, साधे रंग असूनही फोटो भरलेला दिसतो. सॅटिन आणि चकाकणारी कापडं उन्हात पांढरे डाग देतात.

फिटिंग उभं राहून बघून भागत नाही. फोटोत माणसं बसतात, वाकतात, मुलांना उचलतात. घरी घालून खाली बसा, उकिडवे बसा, दोन्ही हात वर करा, मूल उचला. शर्ट वर सरकतो का, बटणांमध्ये फट पडते का, स्कर्ट कितपत वर जातो, बसल्यावर कुठले मोजे दिसतात. फिक्या कपड्याखाली आतलं पांढरं घालू नका, त्वचेच्या रंगाचं घाला. फार ढगळ पण नको, ढगळ कपड्यात कॅमेऱ्याला माणसाचा आकार कळत नाही.

संध्याकाळ आहे, ऊन गेलं की गारठा येतो, आणि या दिवसांत सूर्यास्त रोज थोडा थोडा अलीकडे येत असतो, तेव्हा फोटोच्या तारखेची नेमकी वेळ बघून ठेवा. थरांवर थर घाला, पण प्रत्येक थर फोटोत चालेल असा हवा, कारण जॅकेट निघणार आणि परत चढणार. मुलांना आतून पातळ थर्मल घातलं की वरचा फ्रॉक झाकावा लागत नाही. मूल कुडकुडत असलं की कुठलाच कपडा चांगला दिसत नाही.

बुटांकडे खूप जण दुर्लक्ष करतात आणि पूर्ण उंचीचा फोटो आला की भडक स्पोर्ट शूज सगळ्यात आधी दिसतात. चॉकलेटी, टॅन, राखाडी बूट ठीक. जमीन ओली आणि पानांनी झाकलेली असते, टाच रुतते आणि पाय घसरतो, म्हणून टाच चपटीच बरी. तळव्याला चिकटलेलं स्टिकर काढा, मूल कडेवर असलं की तळवेच कॅमेऱ्याकडे असतात.

चष्मा उन्हात काळा होणारा असेल तर जुना साधा चष्मा बरोबर न्या, कारण ती काच थंडीत अजून गडद होते आणि सावलीत आलं तरी लगेच उतरत नाही, सगळ्या फोटोंत डोळेच जातात. फोटो सुरू व्हायच्या आधी खिशातले फोन, किल्ल्या, पाकीट एका पिशवीत टाका, मनगटावरचे केसांचे रबर आणि स्मार्टवॉच काढा. त्याच पिशवीत ओले वाइप्स, सेफ्टी पिना, कपड्यावरचे केस काढायचा चिकट रोलर आणि मुलांचा एक जादा जोड, तो पण त्याच रंगांतला, ठेवा.

मुलांना चांगले कपडे घरून घालून नेऊ नका. गाडीत साधे कपडे, खाणं-पिणं तिथेच आटपून घ्या, आणि जागेवर पोचल्यावर, मोठ्यांचं सगळं आवरून झाल्यावर, शेवटी त्यांना तयार करा. भाचीच्या विटकरी फ्रॉकवर आम्ही शेवटची पाच मिनिटं उरेपर्यंत एक जुना मोठा शर्ट चढवून ठेवला होता. तिने तेवढ्या वेळात भरपूर चिखल केला आणि फ्रॉक स्वच्छ राहिला.