क्रूझला निघताना मुंबई बंदरावर किती वाजता पोहोचावं?

तिकिटावर जहाज सुटायची वेळ असते आणि घरातले सगळे तीच धरून बसतात. आपल्या कामाची वेळ असते चेक-इन बंद होण्याची, आणि ती बरीच आधीची असते. प्रवाशांची यादी एकदा बंद झाली की जहाज समोर धक्क्याला उभं असलं तरी आत सोडत नाहीत. म्हणून वेब चेक-इन आधीच करून टाका, त्यात मिळालेला स्लॉट, म्हणजे बंदरावर यायची ठरवून दिलेली वेळ, बघा आणि घरातून निघायची वेळ त्यावरून मागे मोजत या.

सकाळी नऊलाच जाऊन बसण्यातही अर्थ नाही. दुपारी निघणारं जहाज बहुतेक वेळा त्याच सकाळी आधीच्या फेरीवरून परतलेलं असतं. ते प्रवासी उतरणार, केबिन आवरल्या जाणार, मग आपला नंबर. स्लॉट सुरू होताना दारात असावं, एवढंच.

आम्ही पुण्याचे. सासूबाई सोबत असल्या की मी दोनच पर्याय धरते: आदल्या रात्री मुंबईत मुक्काम, नाहीतर डेक्कन क्वीन. सव्वासातला सुटते, साडेदहाच्या सुमारास सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझ टर्मिनलचा धक्का, टॅक्सीने अगदी जवळ. त्या सकाळी एक्सप्रेसवेने गाडी काढू नका. घाटात एखादा ट्रेलर आडवा झाला की तासन् तास हलता येत नाही. पनवेलकडून येणाऱ्यांना अटल सेतू आणि मग ईस्टर्न फ्रीवे सोयीचा. लोकलने येणार असाल आणि रविवार असेल, तर मेगाब्लॉक आदल्या दिवशीच बघून ठेवा.

टॅक्सीवाल्याला नुसतं 'बोटीला जायचंय' म्हणू नका. तो भाऊच्या धक्क्याला नेईल, नाहीतर गेटवेला. 'बॅलार्ड पिअर, क्रूझ टर्मिनल' असं स्पष्ट सांगा.

लवकर पोहोचलात तर बॅलार्ड इस्टेटमध्ये थांबा. गोदी खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर १९१४ ते १९१८ दरम्यान वसलेला हा भाग फार देखणा आहे, सावलीही आहे. घरचा डबा तिथेच संपवा, आत नेऊ देत नाहीत.

मोठ्या बॅगा दारातच टॅग लावून घेतात आणि त्या केबिनमध्ये पोहोचेपर्यंत संध्याकाळ होऊ शकते. सासूबाईंची बीपीची गोळी, चष्मा, एक सुती साडी आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं मी खांद्यावरच्या पिशवीत ठेवते. ओळखपत्रावरचं नाव आणि बुकिंगमधलं नाव अक्षरशः एकच हवं. काउंटरवर सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

जहाजावर चढल्यावर सुरक्षा कवायत चुकवू नका. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. ३२ माणसं गेली. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घ्यावीच लागते. वेळेत चढलात तर जेवून, लाइफ जॅकेट कुठे आहे ते बघून, ज्येष्ठांना आपल्या मस्टर स्टेशनचा, म्हणजे संकटात जमायच्या जागेचा, जिना दाखवून मग निवांत डेकवर जाता येतं.