"मॅडम, काल चालू होतं": डेटाबेसवर चालणारी वेबसाइट करताना या चुका टाळा

सबमिशनच्या आधीच्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये दिवसातून दहा वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "मॅडम, काल चालू होतं." मी त्यावर शंका घेत नाही. काल चालूच असणार. काल टेबलात तीन नोंदी होत्या, तिन्ही स्वतःच इंग्रजीत भरलेल्या, आणि फोन नंबरच्या जागी १२३४५ ठोकलेलं. आज शेजारच्या मैत्रिणीनं खरा नंबर टाकला आणि स्क्रीनवर २१४७४८३६४७ उमटलं. दुसरीनं टाकला, तरी तेच. "हा नंबर कोणाचा गं?" म्हणत सगळ्या एकमेकींकडे बघत बसल्या.

तो कोणाचाच नाही. 'इंट' म्हणजे पूर्णांक प्रकारच्या रकान्यात मावणारी ती सगळ्यात मोठी संख्या आहे. आपले मोबाइल नंबर दहा आकडी, ६ ते ९ या अंकांनी सुरू होणारे, म्हणजे एकही त्यात मावत नाही. डेटाबेसचा स्ट्रिक्ट मोड चालू असेल तर नोंदच नाकारली जाते आणि एरर येते. बंद असेल तर गुपचूप कमाल संख्या लिहिली जाते. मुळात फोन नंबर ही संख्या नाहीच, त्यांची बेरीज कोणी करत नाही. तो 'व्हारचार' या मजकुराच्या प्रकारात ठेवा. लँडलाइनचंही तसंच: नाशिकचा ०२५३ इंटमध्ये टाकला की पुढचं शून्य गळतं आणि २५३ उरतं.

मी नाशिकमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलांची वेब आणि डेटाबेसची प्रॅक्टिकल्स घेते. पहिल्या वर्षी एचटीएमएल-सीएसएस झालेलं असतं, पानं देखणी जमत असतात. दुसऱ्या वर्षी पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) येतं आणि गाडी अडते. माझं निदान ठरलेलं आहे: चूक दिसते पानावर, पण बऱ्याचदा ती असते टेबलात. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तीन आठवडे बॅनर, एक रात्र टेबल

प्रोजेक्टचे विषय आमच्याकडे ठरलेले: द्राक्षबागेचा हिशेब, हॉटेल बुकिंग, आता सिंहस्थ जवळ आल्यामुळे भाविकांची राहण्याची सोय, आणि सदाबहार कांद्याचे बाजारभाव. बाजारभावाचा विषय मला आवडतो, कारण त्यात एकही चूक लपत नाही.

एका गटानं 'तालुका' हीच प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख, केली. निफाडसाठी लासलगावचा भाव भरला. मग पिंपळगाव बसवंतचा भरायला गेले तर एरर १०६२, म्हणजे डुप्लिकेट एन्ट्री. दोन्ही बाजार समित्या निफाड तालुक्यातच आहेत! मुलांनी उपाय काय काढला, तर लासलगावची नोंद खोडून पिंपळगावची टाकली. एरर गेली, लासलगावही गेलं.

यात पीएचपी कुठेच चुकलं नव्हतं. तालुक्यांचं टेबल वेगळं, बाजार समित्यांचं वेगळं, रोजच्या भावांचं वेगळं, आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असलेली की, एवढं वहीच्या पाठीमागच्या पानावर काढलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. भावांच्या टेबलात बाजार समिती, तारीख आणि कांद्याचा प्रकार या तिघांवर मिळून युनिक बंधन घाला. म्हणजे एकाच दिवशी उन्हाळ आणि लाल दोन्ही भरता येतील, पण उन्हाळ दोनदा भरला जाणार नाही.

दुसरी गंमत नावांची. तालुका टाइप करायला मोकळा रकाना ठेवला की कोणी 'बागलाण' लिहितं, कोणी 'सटाणा'. आपल्याला ठाऊक असतं की तालुका बागलाण आणि त्याचं मुख्य गाव सटाणा. डेटाबेसला ठाऊक नसतं. इंग्रजीत तर नाशिकचीच दोन स्पेलिंग्ज चालतात. मग तालुकावार आवक काढली की जिल्ह्याच्या १५ तालुक्यांचे २२ होतात. तालुके टेबलात एकदाच भरा आणि फॉर्मवर ड्रॉपडाउन द्या. रकान्यात स्वल्पविराम देऊन 'लाल, उन्हाळ, रांगडा' असं साठवणारेही भेटतात. त्यांना मी फक्त एवढंच सांगते, आता उन्हाळ विकणाऱ्या समित्या शोधून दाखव.

एडगर कॉड या आयबीएमच्या संशोधकानं १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं ते नेमकं यासाठी. माहिती एकाच ठिकाणी ठेवायची आणि बाकीच्यांनी तिच्याकडे बोट दाखवायचं. नॉर्मलायझेशनच्या (टेबलं अशी वेगळी करण्याच्या) व्याख्या मुलांना पाठ असतात. निफाडच्या उदाहरणानंतर त्या कळतात.

भावाचा रकाना 'फ्लोट' नको, 'डेसिमल' हवा. फ्लोटमध्ये अपूर्णांक अंदाजानं साठतो आणि बेरजेत पैसे घसरतात. तारीख 'डेट' प्रकारातच ठेवा. व्हारचारमध्ये दिवस-महिना-वर्ष अशी ठेवली तर क्रम लावताना ०२-०१-२०२५ ही ०१-१२-२०२४ च्या नंतर आली म्हणून तुम्ही खूश व्हाल, आणि ०१-०२-२०२५ मात्र दोघींच्याही आधी जाऊन बसेल.

मराठी अक्षरांचं काय झालं?

आपल्याकडचा हा सगळ्यात त्रासदायक प्रश्न, आणि इंग्रजी ट्युटोरियल्समध्ये त्याचा पत्ताच नसतो. आधी स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय ते बघा, कारण प्रत्येक दृश्याचा रोग वेगळा.

नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर डेटाबेस बघण्याच्या साधनात, म्हणजे पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये जाऊन टेबल उघडा. तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर मजकूर साठवतानाच नष्ट झालाय. तो परत येणार नाही, पुन्हा भरावा लागेल. प्रश्नचिन्हांऐवजी टोप्या-मात्रा लावलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसत असेल तर घाबरू नका. बहुधा बाइट्स शाबूत आहेत, फक्त चुकीच्या पद्धतीनं वाचले जातायत. आणि 'नाशिक'च्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरं असतील तर कोणीतरी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर चिकटवलाय. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

उपाय तीन ठिकाणी करायचा असतो आणि मुलं एकाच ठिकाणी करतात. टेबलाचा कॅरेक्टर सेट (चारसेट, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत) 'यूटीएफ-८ एमबी-४' हवा, एचटीएमएलच्या हेडमध्ये मेटा चारसेट यूटीएफ-८ हवा, आणि पीएचपीनं डेटाबेसशी जोडणी केल्याबरोबर त्या जोडणीचाही चारसेट सांगायला हवा. हा तिसरा हमखास राहतो. मायएसक्यूएलमधला जुना, नुसता 'यूटीएफ-८' एका अक्षराला तीनच बाइट देतो. देवनागरीचं अक्षर तीन बाइटचं, म्हणून मराठी त्यात नीट चालतं. इमोजी चार बाइटचा. म्हणजे अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये कोणीतरी हात जोडलेला इमोजी टाकेपर्यंत सगळं ठीक असतं. जुन्या आवृत्त्यांमध्ये मूळ कोलेशन (अक्षरक्रमाचा नियम) तर 'लॅटिन-१ स्वीडिश' होतं, कारण मायएसक्यूएल बनवणारी मूळ कंपनी स्वीडनची होती. लासलगावचा कांदा स्वीडिश अक्षरक्रमात लावलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

अडकलात तर कुठे बघायचं

पान कोरं आलं की मुलं कोडमध्ये जिथे-तिथे काहीतरी बदलत सुटतात. असं करू नका. आधी ठरवा की अडचण कोणत्या टप्प्यावर आहे.

तयार झालेली क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) 'एको' करून स्क्रीनवर छापा. ती उचलून पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या एसक्यूएल टॅबमध्ये चिकटवा आणि चालवा. तिथेही चालली नाही तर दोष क्वेरीत किंवा टेबलात आहे. तिथे चालली पण पानावर काही येत नाही, तर दोष पीएचपीत. आणि ब्राउझरमध्ये 'व्ह्यू सोर्स' केल्यावर माहिती दिसतेय पण पानावर नाही, तर एचटीएमएलचा एखादा टॅग उघडा राहिलाय किंवा सीएसएसनं मजकूर लपवलाय. एवढ्या तीन पायऱ्यांत निम्म्याहून जास्त तक्रारी माझ्यापर्यंत येण्याआधीच मिटतात. पण एररचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं सोपं वाटतं, त्याला काय करणार.

एरर वाचाही. १०६४ म्हणजे क्वेरीच्या व्याकरणात चूक. १४५२ म्हणजे ज्या बाजार समितीचा क्रमांक देताय ती मूळ टेबलात नाही. १४५१ म्हणजे जी समिती खोडताय तिच्यावर भावांच्या नोंदी अवलंबून आहेत. पीएचपी ४२व्या ओळीवर बोट दाखवत असेल तर ४१वीही बघा, अर्धविराम बहुतेक तिथेच राहिलेला असतो. 'हेडर्स आधीच पाठवले गेले' असं सांगणारी एरर आली तर पीएचपीचा टॅग सुरू होण्याआधी एखादी मोकळी जागा किंवा कोरी ओळ सुटलीय का ते शोधा.

झॅम्पच्या कुरबुरी

झॅम्प म्हणजे अपाचे हा वेब सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी एकत्र देणारं पॅकेज. अपाचे सुरू होत नसेल तर ८० नंबरचं पोर्ट दुसऱ्या कोणीतरी अडवलंय. मायएसक्यूएल सुरू होत नसेल तर ३३०६. बऱ्याचदा आधी कधीतरी स्वतंत्र टाकलेलं मायएसक्यूएल मागे चालू असतं. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन ते थांबवा. मायएसक्यूएलचा 'डेटा' फोल्डर उडवून टाका असा सल्ला व्हिडिओंमध्ये मिळतो. कॉपी काढून ठेवल्याशिवाय त्याला हात लावू नका, तुमचे सगळे डेटाबेस त्यातच असतात.

पानावर पीएचपीचा कोडच दिसत असेल तर तुम्ही फाइलवर डबलक्लिक केलंय. ती झॅम्पच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्ये ठेवा आणि लोकलहोस्टच्या पत्त्यानं उघडा.

आणि वेळ साडेतीन-साडेचार तास मागे दिसत असेल तर घड्याळ बिघडलेलं नाही. झॅम्पच्या पीएचपी सेटिंगमध्ये टाइमझोन बर्लिनचा असतो. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. डेटाबेसची वेळ मात्र संगणकाच्या घड्याळावर चालते, म्हणून एकाच नोंदीत दोन वेळा उमटतात. 'एशिया/कोलकाता' करा.

लॉगिन

नाव आणि पासवर्ड थेट क्वेरीत चिकटवून लॉगिन तपासणारा कोड अजूनही सर्रास येतो. मी अशा पानावर पासवर्डच्या जागी एक सुटं अवतरणचिन्ह आणि पुढे 'किंवा एक बरोबर एक' या अर्थाची अट टाकते आणि थेट अ‍ॅडमिन होऊन आत जाते. मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो. चोर सोडा, शरणपूर रोडवरच्या एखाद्या डिसूझांनी इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी देऊन (D'Souza) नाव लिहिलं तरी ही क्वेरी मोडते. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा. क्वेरी वेगळी जाते, माहिती वेगळी.

पासवर्ड पीएचपीच्या 'पासवर्ड हॅश' फंक्शननं साठवा, एमडी-५ या जुन्या पद्धतीनं नको. इथे एक लपलेला खड्डा आहे. हे फंक्शन वापरतं त्या बीक्रिप्ट पद्धतीचा हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) ६० अक्षरांचा असतो. रकाना ५० चा ठेवला आणि स्ट्रिक्ट मोड बंद असला तर शेवटची दहा अक्षरं कापली जातात. नोंदणी यशस्वी, लॉगिन कधीच नाही. रकाना २५५ चा ठेवा.

'मायएसक्यूएल कनेक्ट' नावाचं फंक्शन सापडत नाही अशी एरर आली तर समजा, कोड फार जुना आहे. ती फंक्शन्स २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकलीत. रेडीमेड विकत घेतलेल्या प्रोजेक्टमध्ये ही एरर नेमकी व्हायवाच्या टेबलावर येते, का ते सांगायला नको.

फोनवर आणि दुसऱ्याच्या मशीनवर

फोनवर पान मुंगीएवढं दिसत असेल तर हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग नाही. लॅपटॉप आणि फोन एकाच हॉटस्पॉटवर ठेवून लॅपटॉपचा आयपी पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये टाकला की खरं चित्र कळतं. भावांचा आठ रकान्यांचा तक्ता फोनवर मावत नाही, त्याला आडवं सरकणाऱ्या चौकटीत ठेवा. शेतकरी तो भाव ट्रॅक्टरवर बसून फोनवरच बघणार आहे.

होस्टिंगवर टाकल्यावर चित्रं गायब झाली तर फाइलच्या नावातलं मोठं-लहान अक्षर तपासा. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला पडतो. टेबलांच्या नावांचंही तेच.

परीक्षेच्या मशीनवर नेताना डेटाबेस एक्स्पोर्ट करून ती फाइल सोबत घ्या आणि मैत्रिणीच्या लॅपटॉपवर एकदा चालवून बघा. पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून एकच डेटाबेस एक्स्पोर्ट केला की त्या फाइलमध्ये सहसा डेटाबेस तयार करण्याची आज्ञा नसते. आधी त्याच नावाचा रिकामा डेटाबेस करा, मग इम्पोर्ट. अपलोड केलेले फोटो त्या फाइलमध्ये येत नाहीत, टेबलात फक्त त्यांची नावं असतात. एका गटाचा फोटोंचा फोल्डर घरीच राहिला होता. एक्स्टर्नल परीक्षकांनी पानभर तुटक्या चौकटी बघितल्या, चष्मा वर केला आणि विचारलं, "यातला उन्हाळ कुठला आणि लाल कुठला?"