हाताने घडवलेल्या पेनात फ्रिक्शन रिफिल? मग रबरही बसवा

लाकडाच्या किंवा अॅक्रिलिकच्या पेनात पायलट कंपनीची फ्रिक्शन, म्हणजे खोडता येणाऱ्या शाईची, रिफिल बसू शकते, पण खोडायचं कशाने हा प्रश्न उरतो. ही शाई घासल्याने होणाऱ्या उष्णतेने, साधारण ६० अंश सेल्सिअसला दिसेनाशी होते. पेन्सिलचं खोडरबर इथे फारसं कामाचं नाही: त्याचा चुरा पडतो आणि कागद मळतो.

१. संपलेलं फ्रिक्शन पेन टाकू नका. त्याच्या टोकाचं टणक रबर उपसून घ्या, ते फारसं झिजत नाही.

२. पेनाच्या टोपणाचं टोक भरीव ठेवा. शेवटचा आकार देण्याआधीच, लाकूड लेथवर (फिरवून आकार देण्याच्या यंत्रावर) असताना भोक पाडा म्हणजे ते बरोबर मध्यावर येतं. भोक रबरापेक्षा किंचित लहान हवं, आणि आतल्या पितळी नळीपर्यंत जाऊ देऊ नका.

३. रबर दाबून बसवा. दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहिलं की पुरे. गोंद शक्यतो नकोच; घट्ट बसलं तर गरज पडत नाही, आणि पुढे बदलताही येतं.

खटक्याचं पेन असेल तर रबर खटक्यावर बसवू नका. घासताना खटका दबतो आणि निब आतबाहेर करत राहते. पिळून उघडणाऱ्या पेनाला हा त्रास नाही, मी तेच पसंत करतो.

आणि चेक, करारनामा किंवा परीक्षेचा पेपर या शाईने लिहू नका. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर वही राहिली तरी पानं कोरी होऊ शकतात. तसं झालंच तर वही पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १०-२० अंशांपर्यंत गार झाली की अक्षरं बहुतेक परत दिसतात, थोडी फिकट.